काचेचं निगेटिव्ह कॅरिअर: मधल्यासारखाच कोपराही रेखीव यावा म्हणून

दहा बाय बारा इंची प्रिंट हायपोतून (प्रिंट पक्की करणाऱ्या द्रावणातून) काढून दिव्याखाली धरावी, आणि मधल्या चेहऱ्याच्या पापण्या एकेक मोजता याव्यात; पण कोपऱ्यातली विटांची भिंत मात्र ओल्या कागदावर शाई पसरावी तशी दिसावी. असं झालं की पहिला संशय लेन्सवर जातो. लेन्स बदलली जाते, ॲपर्चर एफ/१६पर्यंत बारीक केलं जातं, कधी नवा ग्रेन फोकसर (फिल्मचे कण, म्हणजे ग्रेन, मोठे करून दाखवणारं भिंग) घेतला जातो. दोष मात्र बऱ्याचदा लेन्सच्या वरच्या बाजूला असतो. एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर टाकणाऱ्या यंत्रात, निगेटिव्ह सपाट बसलेली नसते.

कॅरिअर म्हणजे एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह धरणारी चौकट. काचेचं कॅरिअर हा त्यावरचा उपाय आहे, आणि त्याचं काम एवढंच: फिल्म एका पातळीत धरून ठेवणं. लेन्सचा दोष, तिरकी बैठक किंवा हललेला एन्लार्जर काच लावून सुधारत नाही. शिवाय काच आली की धूळ आणि न्यूटनची वलयंही (काच आणि फिल्म टेकतात तिथे उठणारे पट्टे) सोबत येतात. म्हणून आधी आपल्याला काचेची गरज आहे का ते तपासायचं आणि मगच ती लावायची.

खाली ९ मिलिमीटर, वर ०.०९

३५ मिमीची फ्रेम दहापट वाढवली आणि लेन्स एफ/८वर ठेवली, तर प्रिंटवर ०.१ मिमीपेक्षा जास्त पसरट डाग पडू नये यासाठी किती चूक चालते, याचा हिशेब करून पाहू. बेसबोर्डच्या (कागद ठेवायच्या खालच्या पाटाच्या) बाजूला ही सूट वरखाली जवळजवळ ९ मिमी आहे. निगेटिव्हच्या बाजूला ती सुमारे ०.०९ मिमी आहे. दोन्हींत शंभरपटीचा फरक आहे, कारण वाढ दहापट असली की वरखालीच्या अंतरातला फरक दहाच्या वर्गाने वाढतो.

फोकसरखाली प्रिंटच्याच कागदाचा तुकडा ठेवावा, असं जवळपास प्रत्येकाला शिकवलेलं असतं. कागदाची जाडी पाव मिलिमीटर, आणि तिथे सूट आहे ९ मिमीची. सवय म्हणून ठेवायला हरकत नाही, पण त्याने प्रिंटमध्ये फरक पडत नाही. वर मात्र जागा आहे ०.०९ मिमी, म्हणजे फिल्मच्या स्वतःच्या जाडीपेक्षाही कमी. ३५ मिमीची फिल्म साधारण ०.१३ मिमी जाड असते. एफ/४वर ही सूट ०.०४४ मिमी होते आणि एफ/२.८वर ०.०३. बिनकाचेच्या कॅरिअरमध्ये उन्हाळ्यात वाळून बाकलेली फिल्म मधोमध अर्धा मिलिमीटर वर उचललेली सहज सापडते.

६×६ सेंमीची, म्हणजे मध्यम फॉरमॅटची, निगेटिव्ह चारपट वाढवली तर एफ/८ला पाव मिलिमीटरची सूट मिळते, म्हणून लहान प्रिंटमध्ये मध्यम फॉरमॅटचा बाक दिसत नाही. पण ६×६ची फिल्म पातळ आणि रुंद असते, तिचा आधार फक्त कडांना असतो, त्यामुळे ती जास्त वाकते. त्याच निगेटिव्हची १६×२० इंची प्रिंट काढायला गेलं की लपलेला बाक उघडा पडतो.

मग ॲपर्चर बारीक करून हे झाकता येणार नाही का? थोडंफार झाकतं. पण दहापट वाढीला एफ/१६ ठेवलं तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे प्रिंटवरचा प्रत्येक बिंदू जवळजवळ पाव मिलिमीटरचा होतो. कोपरे थोडे सुधारतात, पण मधला भाग बिघडतो. एफ/८ला हा डाग ०.१२ मिमीच्या आसपास राहतो. म्हणून चांगली सहा घटकांची ५० मिमीची लेन्स एफ/५.६ ते एफ/८वर चालवावी आणि उरलेलं काम फिल्म सपाट करून साधावं.

फिल्म वाकते का?

इमल्शनमधलं (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरातलं) जिलेटिन कोरड्या हवेत आकसतं आणि फिल्मला आपल्या बाजूला ओढतं. इमल्शनची मंद, निस्तेज बाजू एन्लार्जरमध्ये खाली, लेन्सकडे असते. म्हणून वाळलेल्या फिल्मच्या कडा खाली वळतात आणि पोट वर, दिव्याकडे येतं. हे लक्षात ठेवावं. फक्त वर एक काच ठेवली तरी बहुतेक वेळा का भागतं, याचं कारण इथेच आहे: काच वरून पोट दाबते आणि खालची धातूची चौकट कडा धरून ठेवते.

दुसरा प्रकार उष्णतेचा. ७५ किंवा १५० वॅटच्या ओपल बल्बखाली फिल्म अर्ध्या-एक मिनिटात तापते आणि टपकन आपली जागा बदलते. आपण थंड फिल्मवर फोकस केलेला असतो आणि एक्स्पोजर तापलेल्या फिल्मवर होतं. लांब एक्स्पोजर, दाट निगेटिव्ह आणि जुना कंडेन्सर हेड (भिंगांनी प्रकाश एकवटणारा एन्लार्जरचा वरचा, दिव्याचा भाग) एकत्र आले की हे नक्की घडतं.

आधी चाचणी

काच विकत घेण्यापूर्वी तासभर देऊन हे करावं.

४०० आयएसओची, ग्रेन स्पष्ट असलेली निगेटिव्ह नेहमीच्या बिनकाचेच्या कॅरिअरमध्ये लावा. हेड दहापट वाढीएवढं वर घ्या. लेन्स पूर्ण उघडी ठेवा. ग्रेन फोकसर मध्यावर ठेवून ग्रेन टोकदार होईपर्यंत फोकस करा. आता दिवा चालूच ठेवून, कुठेही हात न लावता, तीन मिनिटं फोकसरमधून पाहत राहा. दर ३० सेकंदांनी काय दिसतं ते कागदावर लिहा. ग्रेन मधेच मऊ झाली तर फिल्म उष्णतेने हलते आहे.

मग चारी कोपरे पाहा. साधा फोकसर कोपऱ्यात ग्रेन दाखवत नाही, कारण तिथे किरण तिरके येतात. तिरपा आरसा असलेला फोकसर नसेल तर मध्य आणि चारही कोपरे पकडणाऱ्या पाच छोट्या चाचणी-प्रिंट काढा, एफ/५.६वर, आणि भिंगाखाली पाहा.

चारही कोपरे सारखेच मऊ दिसले, आणि फोकस किंचित बदलल्यावर ते सुधारून मध्य बिघडला, तर एक तर फिल्म वाकलेली आहे किंवा लेन्सची प्रतिमाच वक्र पडते आहे. एकच कड किंवा एकच कोपरा मऊ असेल तर एन्लार्जर तिरका आहे आणि काच घेऊन काही होणार नाही. सगळंच सारखं मऊ असेल तर लेन्सवरची बुरशी, धूसरपणा किंवा थरथर शोधा. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेच्या खोलीत जड वाहन गेलं की उंच स्तंभ हलतो, आणि २० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ते पुरेसं असतं.

पहिल्या प्रकारात फिल्म आणि लेन्स यांतला दोषी कोण, हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. ३५ मिमीच्या रोलचा सुरुवातीचा, उजेड लागून पूर्ण काळा झालेला आणि डेव्हलप केलेला तुकडा घ्या. इमल्शनच्या बाजूने सुईने मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत बारीक फुल्या ओरखडा. हा तुकडा आधी बिनकाचेच्या कॅरिअरमध्ये आणि मग दोन स्वच्छ काचांमध्ये घट्ट दाबून प्रक्षेपित करा. काचांमध्ये पाचही फुल्या एकदम टोकदार आल्या तर दोष फिल्मच्या बाकाचा. काचांमध्येही कोपरे मऊच राहिले तर लेन्सकडे बघा.

काचेआधी समांतरता

निगेटिव्हची पातळी, लेन्सची पातळी आणि बेसबोर्ड या तिन्ही एकमेकांना समांतर हव्यात. वरचा हिशेब इथेही लागू होतो. ३५ मिमीच्या फ्रेमची कड मध्यापासून १८ मिमीवर असते, म्हणजे एफ/८ला निगेटिव्ह आणि लेन्स यांच्यात साधारण ०.३ अंशाचा तिरकेपणा चालतो. बेसबोर्डला जवळपास तीन अंशांची सूट आहे. मोबाइलमधली पाणसळ बेसबोर्डला पुरते, निगेटिव्हच्या पातळीला पुरत नाही.

दोन आरशांची पद्धत मात्र पुरते आणि स्वस्तही आहे. १० सेंमीचा एक सपाट आरसा बेसबोर्डवर, तोंड वर करून ठेवा. दुसऱ्या लहान आरशाच्या मागचा रंग आणि पारा मधोमध ५ मिमी खरवडून काढा. लेन्स काढून टाका आणि हा आरसा लेन्सबोर्डच्या खालच्या बाजूला, तोंड खाली करून, दाबून धरा. वरून त्या भोकातून खाली पाहिलं की भोकाची प्रतिबिंबं एकामागे एक अशी बोगद्यासारखी दिसतात. सगळी एकाच मध्यावर असतील तर दोन्ही पातळ्या समांतर आहेत. बोगदा एका बाजूला वळत गेला तर त्या बाजूला तिरकेपणा आहे. हेच हेड उघडून निगेटिव्हच्या जागी करा. काही एन्लार्जरमध्ये समायोजनाचे स्क्रू असतात. नसतील तर बोल्टखाली पातळ पितळी पत्र्याच्या किंवा स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या घड्या घाला. आधी निगेटिव्ह आणि बेसबोर्ड, मग लेन्स, हा क्रम ठेवा.

कोणती काच, कुठे

३५ मिमीला वर अँटी-न्यूटन (न्यूटनची वलयं टाळणारी) काच आणि खाली काच नसलेली धातूची चौकट, ही जोडी बहुतेकांना पुरते. खाली काच नाही म्हणजे प्रतिमेच्या वाटेत काचच नाही, आणि धुळीसाठी दोन पृष्ठभाग कमी. ६×६ पासून पुढे, आणि ४×५ इंची शीट फिल्मला तर नक्कीच, दोन्ही बाजूंना काच लावावी.

एन्लार्जर बनवणाऱ्यांनीही हे वेगवेगळ्या रीतीने सोडवलं आहे. लाइट्झच्या फोकोमॅट १सीमध्ये कंडेन्सरच खाली येऊन थेट फिल्मवर टेकतो. पुढच्या व्ही३५मध्ये वर अँटी-न्यूटन काच आहे. ड्युर्स्टच्या एम६०५सारख्या यंत्रात काचेचे आणि धातूचे भाग गरजेप्रमाणे बदलता येतात, म्हणून जुनं यंत्र घेताना सोबत कोणते भाग मिळतात ते आधी विचारून घ्यावं. काच तडकलेली असेल तरी चौकट उपयोगी असते.

अँटी-न्यूटन काचेची एक बाजू अतिशय बारीक खरखरीत केलेली असते. ती बाजू नेहमी फिल्मकडे. कोणती ते ओळखायला काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. गुळगुळीत बाजूत नळीची कड स्पष्ट दिसते, खरखरीत बाजूत ती धुरकट होते. ओळख पटली की काचेच्या एका कोपऱ्याला, चौकटीखाली लपेल अशा जागी, कायमच्या मार्करने बारीक खूण करा. डार्करूमच्या अंधारात ही खूण शंभर वेळा कामी येते.

खालची काच साधी, स्वच्छ, ओरखडे नसलेली हवी. फ्रेम करून देणाऱ्या काचवाल्याकडून २ मिमीची फ्लोट काच कापून घेता येते. चौकटीतला खाचा मोजा आणि दोन्ही बाजूंनी १ मिमी कमी सांगा. घट्ट बसवलेली काच तापून फुगली की कोपऱ्यात चटकते. कापलेल्या कडा ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर पाण्याखाली घासून घ्या, नाहीतर बोटं कापतील आणि काचेचा चुरा फिल्मवर पडेल.

फोटोफ्रेमसाठी मिळणारी नॉन-ग्लेअर काच अँटी-न्यूटनच्या जागी वापरायचा मोह होतो, कारण ती स्वस्त आहे. तिचा पोत जाड असतो. डिफ्युजन हेडखाली (प्रकाश पसरवून देणाऱ्या हेडखाली), वरच्या बाजूला, मध्यम फॉरमॅटला ती कधीकधी चालून जाते. कंडेन्सरखाली ३५ मिमीला आकाशाच्या करड्या भागात तिचे ठिपके छापले जातात. घ्यायचीच असेल तर आधी एकसारख्या करड्या निगेटिव्हवर चाचणी करा. परावर्तनरोधी थर दिलेली काच मात्र खाली लावायला उत्तम. ती परावर्तनच कमी करते, म्हणून वलयंही फिकी पडतात.

न्यूटनची वलयं

पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जे रंगीत पट्टे दिसतात, त्यांचंच हे भावंड. फिल्मचा चकचकीत बेस (इमल्शनच्या मागची बाजू) आणि गुळगुळीत काच यांच्यात हवेचा अतिशय पातळ, कमीजास्त जाडीचा थर राहतो. दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून कुठे वाढतो, कुठे मरतो. हवेचा थर ०.०००२७५ मिमीने बदलला की हिरव्या प्रकाशात पुढचं वलय सुरू होतं. इतक्या सूक्ष्म फरकावर हा खेळ चालतो, म्हणून कॅरिअर अधिक दाबून वलयं जातील अशी आशा धरू नये. दाबल्याने ती फक्त जागा बदलतात.

इमल्शनची बाजू मुळातच जरा खरबरीत असते, म्हणून वलयं बहुतेक वरच्या काचेशी होतात आणि अँटी-न्यूटन काच वर लागते. काही आधुनिक फिल्मचं इमल्शन इतकं गुळगुळीत असतं की खालच्या काचेशीही वलयं उठतात. तिथे खाली अँटी-न्यूटन काच लावू नका, तिचा पोत प्रतिमेत येऊ शकतो. खालची काच काढून चौकटीवर या, किंवा निगेटिव्हच्या कडांखाली, चित्राच्या बाहेर, पातळ काळ्या कागदाची चौकट ठेवून फिल्म काचेपासून केसभर उचला.

बेसबोर्डवर वलयं सहज दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावर प्रक्षेपित केलेल्या प्रतिमेत आकाश, भिंत, धुकं असे सपाट भाग शोधा आणि ॲपर्चर पूर्ण उघडून पाहा. तरीही शंका असेल तर त्या भागाची चाचणी-पट्टी काढा. ओलसर प्रिंटमध्ये ती फिकट नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी दिसतात.

फिल्मवर मक्याच्या पिठाचा किंवा छपाईतल्या पावडरचा फुंकर मारायचा जुना उपाय आहे. मक्याच्या पिठाचा कण साधारण १५ मायक्रॉनचा असतो; दहापट वाढवला की प्रिंटवर ०.१५ मिमी. डिफ्युजन हेडखाली ४×५च्या निगेटिव्हला, बेसच्या बाजूने, अगदी नावापुरता वापरला तर चालतो. ३५ मिमीला करू नका.

पावसाळा आणि हिवाळा

आपल्याकडे काचेचं कॅरिअर वर्षभर सारखं वागत नाही. जून ते सप्टेंबर, विशेषतः कोकणपट्टीत, हवेतल्या दमटपणाने जिलेटिन फुगतं, फिल्म मऊ पडते आणि काचेला चिकटून बसते. बाक कमी होतो पण वलयं वाढतात. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूरकडे हवा कोरडी होते. फिल्म सुरळी होऊ पाहते, आणि स्थिर विद्युतभारामुळे धूळ फिल्मवर उडी मारून चिकटते. पावसाळ्यात ४० ते ५० टक्के आर्द्रता राखता आली तर बरं, एसी किंवा डिह्युमिडिफायर लावून. तेही नसेल तर निगेटिव्ह सिलिका जेल ठेवलेल्या हवाबंद डब्यात दोन दिवस ठेवून मग छापा. एसीच्या खोलीतली गार काच दमट खोलीत आणली की तिच्यावर दव धरतं, म्हणून कॅरिअर आणि निगेटिव्ह एकाच खोलीत तासभर राहू द्या.

पावसाळ्यात काम संपल्यावर निगेटिव्ह काचांमध्ये रात्रभर ठेवू नका. जिलेटिन काचेला चिकटतं. चिकटलीच तर ओढू नका, इमल्शन सोलून निघेल. काच आणि फिल्म दोन्ही सुमारे २० अंश तापमानाच्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवा आणि ती आपणहून सुटेपर्यंत थांबा. मग नेहमीप्रमाणे वेटिंग एजंटच्या पाण्यातून काढून वाळवा. नुकती धुतलेली फिल्मही किमान २४ तास वाळल्याशिवाय काचेत घालू नये.

काच धुणं आणि निगेटिव्ह बसवणं

बिनकाचेच्या कॅरिअरमध्ये धूळ बसायला दोन पृष्ठभाग असतात. दोन काचा आल्या की सहा होतात. पण सहाही सारखे त्रासदायक नाहीत. खालच्या काचेच्या बाहेरच्या अंगावरचा कण २ मिमी दूर असतो. एफ/८ला दहापट वाढीत तो प्रिंटवर दीड मिमीचा पसरट धूसर ठिपका होतो आणि बहुधा दिसतच नाही. फिल्मला टेकलेल्या आतल्या दोन अंगांवरचा ०.०५ मिमीचा कण मात्र प्रिंटवर अर्ध्या मिलिमीटरचा पांढरा, टोकदार डाग पाडतो. म्हणून सगळा वेळ आतल्या अंगांवर खर्च करावा. डिफ्युजन हेड धुळीला आणि बारीक ओरखड्यांना सौम्य करतं, कंडेन्सर दोन्ही ठसठशीत दाखवतो.

आठवड्यातून एकदा काच कोमट पाण्यात, भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब घालून, बोटांनी हलकं चोळून धुवा. भरपूर पाण्याने खळबळा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड. कडांवर उभी करून वाळवा. रोजच्या पुसण्याला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. काचेवर फवारा मारू नका, कापडावर थेंब घ्या. सुगंधी ग्लास क्लीनर अँटी-न्यूटनच्या खरखरीत बाजूत थर ठेवून जातो, तो टाळा. हवेचा कॅन तिरका धरला तर आतला द्रव काचेवर उडतो, त्यापेक्षा रबरी ब्लोअर बरा.

छपाईच्या वेळी क्रम असा:

१. दहा मिनिटं आधी पंखा बंद करा. टेबल ओल्या फडक्याने पुसा. लोकरीचा किंवा धागे सुटणारा कपडा अंगावर नको.

२. दिवे मालवा. कॅरिअर उघडा आणि लहान टॉर्च काचेला जवळजवळ समांतर, आडवी धरून उजेड टाका. वरून पाहिलेली स्वच्छ काच या उजेडात ताऱ्यांनी भरलेली दिसते. ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा टॉर्च. दोन्ही काचांच्या आतल्या बाजू काळ्याभोर दिसेपर्यंत.

३. निगेटिव्हची पट्टी कडांनी धरा. तिच्यावरही आडवी टॉर्च, दोन्ही बाजूंनी ब्लोअर. बोटाचा ठसा दिसला तर फिल्म क्लीनरने बेसची बाजू पुसा. इमल्शनला कापड लावायचं तर अगदी हलक्या हाताने.

४. निस्तेज बाजू खाली करून पट्टी ठेवा. वरची काच पुस्तकाचं पान मिटावं तशी एका कडेकडून टेकवत आणा. धाडकन बंद केली तर हवेच्या झोताबरोबर बाजूची धूळ आत येते आणि फ्रेम सरकते.

५. पुन्हा टॉर्च. आत एकही कण चमकत असेल तर परत उघडा. छापून झाल्यावर प्रिंटवर ब्रशने डाग भरण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम सोपं आहे.

६. फ्रेमच्या बाहेरून जाणारा उजेड बंद करा. ६×६च्या काचेत ३५ मिमीची फ्रेम ठेवली आणि बाजूला मोकळी काच राहिली, तर तिथून येणारा सैल प्रकाश लेन्समध्ये आणि बेलोजमध्ये (लेन्सच्या वरच्या घडीच्या भात्यात) फिरतो आणि प्रिंटचे पांढरे भाग राखाडी करतो. कॅरिअरच्या पट्ट्या सरकवा किंवा काळ्या कागदाची खिडकी कापून लावा.

७. दिवा लावा, लेन्स उघडी ठेवून फोकस करा. एक मिनिट दिवा चालू राहू द्या आणि पुन्हा फोकस तपासा. आता तो हलायला नको. मग एफ/८वर आणून, उजेड पुरत असेल तर त्याच ॲपर्चरवर एकदा पाहून घ्या. काही लेन्सचा फोकस ॲपर्चर बदलल्यावर किंचित सरकतो.

८. चाचणी-पट्टी मध्य आणि एक कोपरा दोन्ही येतील अशी तिरकी ठेवा.

बिनकाचेच्या कॅरिअरवर केलेला फोकस काचेला चालत नाही. २ मिमीची खालची काच प्रतिमा सुमारे ०.६७ मिमी सरकवते, आणि आपली सूट आहे ०.०९. प्रत्येक बदलानंतर नव्याने फोकस. एक्स्पोजरही बदलतं: प्रत्येक काच जवळजवळ ८ टक्के प्रकाश परत पाठवते. दोन काचा घातल्या की आधीच्या १० सेकंदांचे साधारण १२ होतात.

काच नको असेल तर

काही निगेटिव्हना काच लागत नाही. पाच-सहापट वाढ, नीट साठवलेली सपाट ३५ मिमीची पट्टी आणि गार हेड असेल तर बिनकाचेचं कॅरिअर पुरतं आणि धुळीचा निम्मा त्रास वाचतो. फिल्म उष्णतेने हलत असेल तर कागद ठेवण्याआधी दिवा दीड-दोन मिनिटं चालू ठेवा, फिल्मने जागा बदलू द्या, मग फोकस करा. लेन्सखालचा लाल फिल्टर आडवा घालून कागद ठेवा, फिल्टर काढून लगेच एक्स्पोजर द्या. फिल्म थंड झाली की ती परत जुन्या जागी जाते, म्हणून हा क्रम प्रत्येक प्रिंटला. हेडमध्ये उष्णतारोधक काच असेल तर ती जागेवर आहे का ते पाहा. जुन्या यंत्रांतून ती बऱ्याचदा हरवलेली असते. एलईडी बल्ब उष्णता कमी करतो, पण मल्टिग्रेड कागदाचे ग्रेड (काँट्रास्टच्या पायऱ्या) त्याच्या रंगामुळे सरकतात, तेव्हा नव्याने चाचणी घ्या.

सुरळी झालेली फिल्म स्लीव्हमध्ये घालून आठवडाभर जाड पुस्तकांखाली ठेवली तर काचेचंही काम हलकं होतं.

काम झाल्यावर काचा एकमेकींवर घासू देऊ नका. मध्ये आम्लविरहित कागद घालून, खूण केलेली बाजू वर ठेवून, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात बंद करा. काचेवरही बुरशी धरते, आणि तिने काचेत कोरलेली नक्षी पुसून जात नाही.